सूर्यनमस्कार थोडे थांबू देत, आधी गोधडी काढा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे दुसऱ्या कुणी आईने हे वाचलं तर तिलाही संदर्भ लागेल. मुलगी २० वर्षांची, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ॲनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या आजाराचं, निदान होऊन वर्ष झालं, मध्ये १८ दिवस हॉस्पिटलमध्ये होती. आता घरी आहे, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांकडे जाते, वजन हळूहळू वर येतंय. महिन्याभरापासून ती पहाटे पाचला उठून सूर्यनमस्कार घालते आणि योगाचा क्लास लावून द्या म्हणून मागे लागली आहे. तिचे बाबा म्हणतात, ध्यान केलं की मन खंबीर होईल, मग आपोआप जेवेल. तुम्ही विचारलंय की योगाने खरंच मदत होते का, कोणती आसनं द्यायची आणि किती वेळ. शेवटी एक वाक्य लिहिलंय, "मला बरंही वाटतंय आणि धास्तीही."

त्या धास्तीकडे आधी लक्ष द्या. ती खरी आहे.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि गेली १६ वर्षं खाण्याच्या आजारांच्या उपचाराला योगाची जोड देऊन काम करते. योग, श्वास, शिथिलीकरण यांचा उपयोग होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अमेरिकेत सिएटलमध्ये खाण्याचे आजार असलेल्या ११ ते २१ वयाच्या ५४ मुलामुलींवर एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. सगळ्यांचे नेहमीचे उपचार चालूच होते. त्यातल्या अर्ध्या गटाला ८ आठवडे एकेकट्याने योग शिकवला. भीती होती की योगामुळे वजन उतरेल, तसं झालं नाही. आणि सत्र संपल्यावर मुलांच्या डोक्यातलं अन्नाचं चक्र थोडं मंदावलेलं दिसलं. अभ्यास लहान आहे, पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. फक्त यातले दोन शब्द नीट वाचा: "नेहमीचे उपचार" आणि "एकेकट्याने". क्लासमध्ये ३० जणांच्या रांगेत बसवणं आणि हे, यात फार अंतर आहे.

तुम्ही 'कोणतं आसन' असं विचारलंत. मी या आजारात आधी दुसरंच बघते: हे आसन कुणाला हवंय, मुलीला की आजाराला?

त्याआधी बाबांशी दोन शब्द बोलते, कारण घराघरांतून हेच ऐकू येतं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धामुळे उपासमार झालेल्या माणसांना परत खायला कसं घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. हे तरुण शरीराने आणि मनाने धडधाकट होते, म्हणून तर निवडले होते. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. काही महिन्यांत ती चांगली हसतीखेळती मुलं एकलकोंडी झाली, चिडचिडी झाली, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटं चाटायला लागले, एकेक जेवण रेंगाळत रेंगाळत लांबवायला लागले. अन्न सोडून दुसरं काही सुचेना. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावरही पूर्ववत व्हायला कितीतरी महिने गेले. या मुलांचं मन कच्चं होतं का? मेंदूला अन्न मिळेना, की कुणाचंही असंच होतं. उपाशी मेंदूला ध्यानाला बसवलं तर तो अन्नाचंच ध्यान करत बसतो. म्हणून बाबांचा क्रम उलटा करायला हवा: आधी जेवण, मग मन जागेवर येईल. आहारतज्ज्ञांनी दिलेली तीन जेवणं आणि मधली खाणी घड्याळ लावून, भूक असो वा नसो. योग त्याच्या जोडीला येतो, त्याच्या जागी कधीच नाही.

आता पहाटेचे सूर्यनमस्कार.

माझ्याकडे एक मुलगी यायची, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. सुरुवात १२ नमस्कारांनी झाली. घरच्यांना कोण आनंद! मग २४ झाले, मग ५४. रथसप्तमीला तिने १०८ घातले आणि वडिलांनी कौतुकाने नातेवाइकांत फोटो पाठवले. त्यानंतर १०८ च्या खाली ती कधी उतरलीच नाही. ताप आला तरी नाही, आजोबा गेले त्या दिवशीही नाही, त्या दिवशी तिने गच्चीत अंधारात घातले. शेवटी पायाच्या हाडाला बारीक तडा गेला तेव्हा सगळं बाहेर आलं. पाळी कितीतरी महिने बंद होती. पाळी बंद होते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरलेलं असतं आणि हाडं आतून विरळ होत जातात. त्या हाडांवर रोज शंभरदा उडी मारून पाय मागे टाकायचे, म्हणजे दुसरं काय होणार?

आपल्याकडे सूर्यनमस्काराला कुणी वाईट म्हणणार नाही, म्हणून आजाराला ती जागा फार सोयीची वाटते. जिममध्ये दोन तास घालवले तर आईच्या कपाळाला आठी पडते, योगासाठी पहाटे उठलं की आई दृष्ट काढते. तेव्हा तुम्ही चार-पाच दिवस नुसतं बघा, न रागावता. आकडा ठरलेला आहे का? एखादा दिवस चुकला तर ती कासावीस होते का? पाहुणे आले, परीक्षा आली, कंबर दुखली, तरी होतातच का? आदल्या रात्री चार घास जास्त गेले तर सकाळी आकडा वाढतो का? दार लावून घेते का? यातल्या दोन गोष्टींनाही 'हो' असेल तर हा योग राहिलेला नाही. तिच्या डॉक्टरांना लगेच सांगा आणि ते म्हणेपर्यंत नमस्कार थांबवा. "मी बंद केले" असा आरोप स्वतःवर घेऊ नका. "डॉक्टरांनी सांगितलंय, आणि मला तुझ्या हाडांची काळजी वाटते" एवढंच म्हणा. ती रडेल, भांडेल. तिच्याशी भांडू नका, आपण आजारापुढे उभ्या आहोत हे लक्षात ठेवा.

मग तिला द्यायचं काय? मी पहिल्या सत्रात काय करते ते सांगते, त्यावरून अंदाज येईल.

खोलीतल्या आरशावर ओढणी टाकलेली असते. वजनकाटा नसतो. मुलीला सांगून ठेवते की घट्ट लेगिंग नको, सैल सलवार किंवा ट्रॅकपँट घाल. जमिनीवर दोन गोधड्या अंथरते, एक अंगावर घ्यायला ठेवते, आणि लोड, उशा, दोन टॉवेल हाताशी ठेवते. या मुलींची हाडं टोचतात. ताठ सतरंजीवर शवासन ही त्यांना शिक्षा असते. माकडहाड, खांद्याची पाती, टाचा, सगळं दुखतं आणि पाच मिनिटांत थंडी भरते. त्यांना वाटतं, मला शवासनसुद्धा जमत नाही. म्हणून गुडघ्यांखाली लोड, मानेखाली टॉवेलची सुरळी, अंगावर जड गोधडी. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी लोड, खुर्च्या, पट्टे, विटा वापरून आधाराची आसनं घडवली, त्याचं मोल मला इथे कळलं. आधार दिलेलं शरीर काही सिद्ध करायला जात नाही.

आणि मी विचारते. लोड उंच हवा की बसका? डोळे मिटायचेत की उघडे ठेवायचेत? हात पोटावर नको असेल तर कुठे ठेवू या? पहिल्या दिवशी बहुतेक मुली म्हणतात, "तुम्ही सांगा ना, बरोबर काय ते." वर्षानुवर्षं त्यांनी शरीराला फक्त हुकूम दिलेत, त्याला काय हवंय हे विचारलेलंच नाही. एक मुलगी तिसऱ्या सत्रात म्हणाली, "मॅम, डावा पाय गार आहे, मोजा घालू का?" मी तिच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं, इतका मला आनंद झाला. पाय गार पडलाय हे कळणं आणि तो गार पडू न देणं, बरं होण्याची सुरुवात मी अशीच होताना पाहिलीय.

या आजारात आतल्या खुणा पुसट होतात. भूक, पोट भरणं, थकवा, लघवीची जाणीव, सगळंच. रडू येतंय की पोटात दुखतंय, हेही उमगत नाही. म्हणून लक्ष शरीराकडे हळूहळू न्यायचं, कडेने आत. आधी तळपाय, तळहात, ओठांपाशी लागणारी हवा. पोट, मांड्या, दंड शेवटी, कित्येकदा महिन्यांनी. सुरुवातीच्या काळात मी इथे चूक केली आहे. अमेरिकेतले ध्यानशिक्षक जॉन कबाट-झिन यांच्या पद्धतीतलं शरीरभर लक्ष फिरवण्याचं ध्यान मी एका मुलीला डोळे मिटून, पायापासून डोक्यापर्यंत, क्रमाने दिलं. "आता लक्ष पोटावर" म्हणाले आणि ती उठून खोलीबाहेर गेली. त्या शब्दासरशी तिला स्वतःच्या पोटात कोंडल्यासारखं झालं होतं. ती पुन्हा यायला पाच आठवडे लागले. तेव्हापासून योगनिद्रेची रेकॉर्डिंगही मी जशीच्या तशी देत नाही. त्यातही सगळ्या अवयवांची यादी असते.

श्वासाबद्दल. लांब, हलका उच्छ्वास मज्जासंस्थेला शांत करतो, एवढं धरून चाला. "चार आकडे आत, सहा बाहेर" असं या मुलींना शक्यतो देऊ नका, कारण मोजणं हाच त्यांचा छळ आहे; आठवड्याभरात सहाचे दहा होतात. त्यापेक्षा भ्रामरी चांगली. ओठ हलके मिटून, गुणगुणत, श्वास पुरेल तेवढंच. पाच-सहा वेळा, बसून. छातीत, टाळूत जी थरथर होते तिच्याकडे लक्ष आपोआप जातं आणि ती थरथर जाड-बारीक काही म्हणत नाही.

काय टाळायचं, ते आता स्पष्ट सांगते. कपालभाती आणि भस्त्रिका नकोत. जोरजोरात श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि त्याबरोबर रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेटही खाली येऊ शकतं. उपासमारीत आणि उलट्यांमुळे ही द्रव्यं आधीच कमी असतात आणि हृदयाचे ठोके त्यांच्यावर चालतात. शिवाय कपालभातीची जाहिरात 'पोट कमी करा' अशीच होते, ते कानावरही पडायला नको. श्वास कोंडून धरणं नको. वमन, कुंजल, शंखप्रक्षालन अजिबात नको. शुद्धिक्रिया म्हणून शिकवल्या तरी या आजारात ती उलटी आणि जुलाबच. तापवलेल्या खोलीतला योग नको. नाडी मंद असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर शीर्षासन, सर्वांगासन नको. आणि इगतपुरीसारख्या ठिकाणची १० दिवसांची विपश्यना शिबिरं सध्या नकोत. तिथे संध्याकाळचं जेवण नसतं, मौन असतं, आणि तिचं ताट बघायला तुम्ही नसता. अर्जात आजाराबद्दल विचारतात, तिथे काही लपवू नका.

'जाणीवपूर्वक खाणं' हे सध्या सगळीकडे सांगतात: एकेक घास बत्तीस वेळा चावा, चव न्याहाळा, भूक असेल तेव्हाच खा, पोट भरलं की थांबा. बिंज इटिंगमध्ये, म्हणजे भान हरपून खूप खाल्लं जातं त्या आजारात, याचा चांगला उपयोग होतो. तुमच्या मुलीच्या आजारात, निदान आत्ता, हे उलटं पडतं. पोळीचे नखाएवढे तुकडे करून पाऊण तास चावत बसणं हे ती आधीच करत असेल! तिची भुकेची घंटा बंद आहे, पोट सावकाश रिकामं होत असल्याने दोन घासांत भरल्यासारखं वाटतं, त्यामुळे "पोटाचं ऐक" म्हणणं म्हणजे बिघडलेल्या घड्याळावर गाडी पकडायला सांगणं. सध्या ठरलेलं ताट ठरलेल्या वेळात संपवायचं. चवीचं पुढे बघू.

जेवणाआधी मात्र दोन मिनिटं जरूर द्या. पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला लागलेली, तीन सावकाश श्वास. घरात 'वदनि कवळ घेता' म्हणायची पद्धत असेल तर सगळ्यांनी मिळून म्हणा, तेच पुरेसं आहे. सगळ्यांचा आवाज एकत्र येतो आणि ती ताटाशी एकटी उरत नाही.

खरा कठीण काळ जेवणानंतरचा तास. पोट फुगल्यासारखं होतं, दुखतं, अपराधी वाटतं. या वेळी डोळे मिटून आत बघायला लावू नका, आत वादळ आहे. हातांना काम द्या: शेंगा सोलणं, लोकर गुंडाळणं, पत्ते. मालिका बघायची असेल तर शेजारी बसून बघा. दहा-पंधरा मिनिटांनी ती तयार असेल तर डाव्या कुशीवर, पोटाशी उशी घेऊन, अंगावर पांघरूण घेऊन पडू दे. आपल्या आजोबांची वामकुक्षी ती. वज्रासन चालेल, पण पोटरी आणि मांडीमध्ये घडी घातलेली चादर ठेवून, आणि ते 'पचायला' म्हणून शिक्षेसारखं बसू नये.

ज्यांना उलटी काढण्याची सवय आहे त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट, कारण पुढेमागे आजार रूप बदलू शकतो. ती ओढ लाटेसारखी चढते आणि उतरतेही. चढत असताना वाटतं ही वाढतच जाणार. दहा-वीस मिनिटं सोबत कुणी असेल, हात गार पाण्याखाली धरले असतील, पायांनी जमीन दाबली असेल, तर ती बहुतेकदा ओसरते. एकदा ती ओसरताना स्वतः अनुभवली की पुढच्या वेळी धीर येतो. तेवढा तास बाथरूमपासून लांब राहायचं हे आधीच, शांत वेळी, दोघींनी मिळून ठरवून ठेवा.

उपासांचं बोलायला हवं. श्रावणी सोमवार, एकादशी, संकष्टी, नवरात्र, हरतालिकेला तर पाणीही नाही. तुमच्या घरात आजी आहेत असं लिहिलंत. ही मुलगी पुढची काही वर्षं एकही उपास करणार नाही, हे घरात जाहीर करून टाका. आजींना सांगा, आजाऱ्याला उपास लागत नाही हे आपलंच शास्त्र. योगाच्या नावाने कुणी 'पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा' हे मिताहाराचं वचन तिला ऐकवलं, तर गीतेचा सहावा अध्याय दाखवा: अति खाणाऱ्याला योग नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. तिथे दोन्ही बाजू एकाच ओळीत आहेत, लोक पहिलीच पाठ करतात.

नातेवाईक म्हणतील, "आता कशी छान भरलीस गं!" ते प्रेमानेच म्हणतील. तिच्या कानाला ते "जाड झालीस" असं ऐकू येतं आणि रात्रीचं ताट परत जातं. दिवाळीआधी फोन करून सांगून ठेवा की तिच्या अंगाबद्दल, चांगलं किंवा वाईट, कुणी काही बोलायचं नाही. मीही इथे मुद्दाम वजनाचा एकही आकडा लिहिलेला नाही. ती हे वाचेल, असं धरूनच मी लिहितेय.

क्लास लावायचाच असेल तर डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर, आणि शिक्षकांना तुम्ही आधी एकट्याने भेटा. आजाराचं नाव सांगा. ते म्हणाले "महिन्यात बरी करतो", तर नमस्कार करून निघा. वर्गात दहा मिनिटं बसून ऐका. "पोट आत घ्या", "चरबी वितळू दे", "अजून थोडं, सहन करा" असं येत असेल तर ती जागा तिची नाही. "दुखलं तर सोडा", "आज जमत नसेल तर बसून राहा" असं ऐकू आलं तर विचार करायला हरकत नाही. आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास, आधी काहीतरी खाऊन आणि परत आल्यावर ठरलेलं खाणं खाऊन. खाणं चुकलं तर पुढचा वर्ग चुकवायचा, हा करार पहिल्याच दिवशी करा.

यातलं काही दिसलं तर योग, ध्यान सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा: चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, बसल्या जागी नाडी ५० च्या खाली, पायांवर सूज, उलटीत रक्त, पाणीही नाकारणं, "मी नसते तर बरं" अशी भाषा. ॲनोरेक्सियात जीव जातो, आणि मानसिक आजारांत या आजाराने दगावण्याचं प्रमाण फार वरचं आहे. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. जिवाला धोका वाटला तर फोनवर वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल.

या आठवड्यात तुम्ही एवढंच करा. डॉक्टरांना सूर्यनमस्कारांचं सांगा. मग संध्याकाळच्या खाण्यानंतर खोलीत दोन गोधड्या शेजारीशेजारी अंथरा, एक तुमची, एक तिची. तुम्हीही थकला आहात, वर्षभर तिच्या ताटाकडे बघत स्वतः अर्धवट जेवलात हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. पंधरा मिनिटं दोघी पडून राहा, दिवा चालू ठेवून. तिला काही शिकवू नका. फक्त विचारा, लोड गुडघ्यांखाली हवा की पायांखाली, आणि ती सांगेल तिथे ठेवा.